एकूण संदेश एकोणीस

"एकूण संदेश एकोणीस," भाऊसाहेब म्हणाले आणि गप्प बसले.

भाऊसाहेब म्हणजे एलियासरांच्या कॉम्प्युटरमधला आवाज. नाकात बोलतो, जोडाक्षर आलं की अडखळतो, म्हणून मीच त्याचं हे नाव ठेवलं होतं. एकोणीस संदेश आहेत म्हटल्यावर ते एकामागून एक वाचून दाखवणं हे त्याचं काम. आम्ही वाट पाहिली. मॅनेजर वर्पेसाहेबांनी चहा संपवला, कप बशीत ठेवला, तरी भाऊसाहेब तोंड उघडेनात.

"एवढंच का?" साहेबांनी विचारलं.

सरांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा एकूण संदेश एकोणीस आणि पुन्हा शांतता. सरांच्या कपाळावर घाम आला. काल संध्याकाळी याच प्रोग्रामने याच खोलीत सगळं घडाघडा वाचलं होतं. आज नेमकी साहेबांसमोर माती खाल्ली.

"त्रिभुवन, वाईट वाटून घेऊ नका," साहेब सरांना म्हणाले. "तुमच्या जिद्दीचं कौतुकच आहे मला. पण तक्रारींचं टेबल म्हणजे जोखमीचं काम. तुम्ही आपले टेलिफोन बोर्डवरच बरे. पुणतांब्याला जाऊन येतो, आल्यावर ऑर्डर काढतो."

"कौतुक नको साहेब, टेबल पाहिजे," सर म्हणाले. "ऑर्डर काढायच्या आधी एकदा परत बघा."

"बघू," म्हणत साहेब जीपकडे गेले. त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

एलिया त्रिभुवन आमच्या नवधारा दूध संघात लागले ते टेलिफोन ऑपरेटर म्हणून. जन्मापासून दिसत नाही, पण बी.कॉम. फर्स्ट क्लास. पुढे घरोघरी मोबाईल आले आणि बोर्ड वाजायचा बंद झाला. सर दिवसभर त्या मुक्या डब्यासमोर बसून असायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस एकदा ऐकलेलं विसरत नाही आणि शेतकऱ्यांशी नीट बोलतो. त्यांना तक्रारींचं टेबल मिळालं. तक्रारी मेलवर यायच्या, मी शेजारी खुर्ची टाकून त्या मोठ्याने वाचायचे, सर उत्तर सांगायचे, मी टाइप करायचे. आमचं छान जमलं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास घात झाला. एका बाईने तिच्या गावच्या दूध केंद्राविरुद्ध लिहिलेली तक्रार संध्याकाळपर्यंत त्याच केंद्रावर पोचली आणि दुसऱ्या दिवशी तिचं दूध परत आलं. कोणी ऐकलं, कोणी सांगितलं, आजवर कळलेलं नाही. वर्पेसाहेबांनी नियम काढला, की तक्रार फक्त त्या टेबलावरच्या माणसानेच वाचायची, दुसऱ्या कुणीही नाही. नियम चुकीचा नव्हता. पण त्या नियमाने सर पुन्हा मुक्या डब्यासमोर जाणार होते.

स्क्रीनवरचं वाचणारा आवाज त्यांच्याकडे आधीपासून होता. अडचण वेगळीच होती. संघाचा मेलबॉक्स म्हणजे टेंडरं, बिलं आणि संचालकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा उकिरडा. त्यातून एका माणसाचं मागचंपुढचं सगळं शोधून ओळीने लावायचं, हे काम माझे डोळे करत. मग सरांनी फुकटात मिळणारी एक लायब्ररी शोधून काढली. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रामची. ती सगळे मेल चाळून त्यांची सूची करून ठेवते आणि नाव सांगितलं की त्या माणसाचे तेवढेच संदेश पुढे करते. पायथॉन नावाच्या भाषेतून तिला हुकूम सोडायची सोय आहे. ते पायथॉन सर कानाने शिकले. डबा खाताना एका कानात इअरफोन आणि दुसऱ्या कानात माझी बडबड!

साहेबांची जीप गेली तशी सरांनी टेबलावर मूठ आपटली. मी बाहेर आले. बाकड्यावर भागूबाई बसल्या होत्या. एकोणीस संदेश त्यांचेच, म्हणजे त्यांनी लिहिलेले आणि संघाने त्यांना दिलेली उत्तरं धरून. दुधाला फॅट कमी लावतात आणि भाव पाडतात, ही त्यांची तक्रार. नातीच्या मोबाईलवरून त्या तीन वर्षं लिहीत होत्या.

"आजी, सरांना उशीर आहे. मला सांगता का काय ते?"

"न्हाई गं बाई. मी त्येलाच सांगनार," त्या म्हणाल्या. "त्यो कुनाला बोलत न्हाई. बसते मी, मला कुटं जायाचं हाय?"

मी आत आले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कालपासून काय बदललंत सर?"

"एकच ओळ वाढवली. आपल्या साहेबांना आधी एकूण लागतं ना."

ते मात्र खरं. आमच्या संघात 'एकूण' म्हटल्याशिवाय पान हलत नाही. एकूण लिटर, एकूण कॅन, एकूण गैरहजर. सरांनीही आधी एकूण सांगायचं आणि मग वाचायचं असं ठरवलं होतं. आता त्यांनी ती ओळ काढून पाहिली, तर भाऊसाहेब वाचायला लागले. ओळ परत घातली, तर मुके.

"मग काढूनच टाका की ती," मी म्हटलं. "साहेबांचं एकूण गेलं उडत."

"नाही काढणार. का नडतंय तेच कळलं नाही तर उद्या दुसरीकडे नडेल. तेव्हा समोर भागूबाई असतील."

एवढं बोलून ते इअरफोन लावून बसले. लायब्ररीबरोबरची इंग्रजी माहिती ऐकत होते. मधूनच थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत. मी तोवर गॅरेजची पत्रं टाइप केली, त्यांत दोन चुका केल्या. एकदम सर मोठ्याने हसले.

"ताई, आमची आई राहात्याच्या बाजारात पेरू विकायची, सांगितलंय ना मी?"

"हो. त्याचं काय आता?"

"लहानपणी मला विचारायची, एलिया, पाटीत किती राहिले रे? मला दिसत नाही, मी आपला एकेक हातात घेऊन पिशवीत टाकत मोजायचो. तेवढ्यात गिऱ्हाईक येऊन पाटीत हात घालायचं, तर पाटी रिकामी!"

"मग?"

"मग काय! ही लायब्ररीची बया संदेश एकेक करून हातात देते आणि दिलेला परत पाटीत ठेवत नाही. किती ते सांग म्हणून मी मोजायला लावलं, तिने शेवटपर्यंत सगळे देऊन टाकले. नंतर वाच म्हटलं, तर वाचणार काय, कपाळ?"

मी टायपिंग सोडून उठले. "म्हणजे मेल गेले?"

"मेल जागच्या जागी आहेत हो. एकदा देण्याची फेरी संपली, एवढंच. नुसता आकडा तिला वेगळा विचारता येतो, पाटीला हात न लावता. तो तसा घ्यायचा आणि फेरी वाचायला राखून ठेवायची."

त्यांची बोटं कीबोर्डवर पळायला लागली. भाऊसाहेबांनी एकूण एकोणीस सांगितले आणि लगेच पहिला संदेश सुरू केला. मी टाळ्या वाजवणार, तोच सरांनी चटकन इअरफोन लावले आणि पुढचं सगळं त्यांच्या एकट्याच्या कानात गेलं.

"अहो, हे मीच वाचून दाखवलेत तुम्हाला!" मी म्हटलं.

"आधीचे वाचलेत. यापुढचे नाही."

साहेब आले तेव्हा दुपार कलली होती. ते खुर्चीवर बसले. सरांनी आकडा मोठ्याने ऐकवला आणि कानाला इअरफोन लावले.

"मला काहीच ऐकू येत नाही, त्रिभुवन."

"यायलाच नको साहेब. नियम तुमचाच आहे."

"मग मला कळणार कसं, तुम्ही वाचताय ते?"

"भागूबाईंना विचारा नंतर. आत्ता त्यांना आत पाठवा, आणि तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा."

वर्पेसाहेबांनी लोकांना ताटकळत ठेवलेलं मी रोज बघते. त्यांना कुणी बाहेर थांबवलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते उठले. आम्ही दोघं बाकड्यावर बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. शिपाई दोनदा येऊन पाहून गेला. हसू दाबता दाबता माझा जीव नकोसा झाला.

भागूबाई बाहेर आल्या त्या पदराने तोंड पुसतच.

"काय आजी, नीट वाचलं का त्यांनी?" साहेबांनी विचारलं.

"वाचलं म्हंजी? पयलं मी काय लिवलं, मंग तुमी काय धाडलं, मंग मी काय लिवलं, समदं वळीनं सांगितलं बगा. माज्या नातीच्या बी ध्यानात न्हाई येवढं."

"तक्रार नक्की कोणावर आहे तुमची?"

"त्ये त्येला सांगितलंय," भागूबाई पायात चपला सरकवत म्हणाल्या. "तुमाला कशापायी सांगू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. मनापासून हसले, हे मला कबूल करायलाच हवं. "ऑर्डर टाइप करा, दिपालीबाई. तक्रार निवारण, एलिया त्रिभुवन. बोर्ड त्यांच्याकडून काढा."

मी धावतच आत गेले. "सर, झालं! जिंकलात तुम्ही!"

"ऐकलं मी," ते म्हणाले. चेहरा लाल झाला होता. दोन्ही हात त्यांनी टेबलावर पसरून ठेवले होते. "पुढचं कोण आहे?"

बाहेर अस्तगावचे एक म्हातारे दूध उत्पादक थांबले होते. मी त्यांना आत बोलावलं आणि सवयीने माझी खुर्ची सरांशेजारी ओढली.

"ताई," सर हलकेच म्हणाले.

मी खुर्ची तशीच पुढे नेली आणि बाबांना तिच्यावर बसवलं. डोळे भरून आले होते. इतका अभिमान मला स्वतःच्या नोकरीचाही कधी वाटला नव्हता. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.