सातवं नाव

कापणी झाली, गावात सगळीकडं वाल पेरून झाला. आमचं घरामागचं एक खाचर तेवढं रिकामं. सदाकाकाचं म्हणणं, आता त्यातही वाल टाकू. बाबा गणपतीत वारले, कवायत कोण घेणार? मी म्हटलं, मी घेते.

"तू? पनवेलला बँकेत बसनारी?" तो हसला; पण नांगर परत घेऊन गेला.

बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हापासून कापणीनंतर दर रविवारी या खाचरात एनसीसीच्या पोरापोरींना कवायत शिकवत. ढेकळं फोडून स्वतः जमीन धोपटत. सोळा डिसेंबरला, विजय दिवशी, आसपासच्या गावांतल्या शहीद जवानांची हजेरी घेत. नाव पुकारलं की गेलेल्याच्या वतीनं घरातलं कुणी "हाय" म्हणायचं.

केसरकाकी कधीच म्हणाली नाही. तिचा विनेश अकरा वर्षांपूर्वी बर्फाच्या कड्याखाली गेला. हाती काही लागलं नाही. सरकारी पत्र तिनं घेतलं, मानलं नाही. बाबा सगळ्यांत शेवटी त्याचं नाव घेत आणि थांबत. कॅडेट उन्हात ताठ उभे. ती गप्प. मग बाबाच "विश्राम" म्हणत.

हे मला ठाऊक होतं, ऐकून. बाबा असताना त्या दिवशी मला कधी रजा मिळाली नाही, किंवा मी मागितली नाही.

यंदा त्यांच्या वहीतला कागद मी वाचला. सहा नावं, सहा "हाय". कागद संपला, मी विश्राम म्हटलं.

केसरकाकी उभीच. "माज्या विनेशचं ऱ्हायलं, बाय."

मी कागद पुन्हा पाहिला.

"त्यात न्हाय गावायचा. मीच लिवू दिला न्हाय. कागदावर चढला की मेल्यांत गेला. सुभेदार बोलले, वैनी, मी तोंडानं घेईन."

मीही तसंच घेईन, दर वर्षी येईन, असं मी म्हटलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, रागानं नव्हे.

"आज पयल्याच वर्साला इसारलीस. सुभेदार व्हते तवर ठीक व्हतं. आता न्हाय लिवला, तर माजा पोर कुटंच उरायचा न्हाय. लिव."

एका कॅडेटचं पेन घेतलं. बाबांच्या ठसठशीत अक्षरांखाली माझी ओळ वाकडी गेली. सावधान म्हटलं. नाव घेतलं.

किती थांबायचं, हे बाबांनी कुठं लिहिलं नव्हतं. तिनं गप्पच राहावं, असं मला वाटत होतं.

काकीनं पदर सारखा केला, दोन्ही हात पोरांसारखे अंगालगत सरळ धरले आणि म्हणाली, "हाय."