उघड्या डोळ्यांचा फोटो

आमच्या बेटावरच्या आपिया शहरात, बाजारामागच्या स्टुडिओत तीस वर्षं मी गावाचे फोटो काढले, पण माझ्याच नवऱ्याचा, सेमीसीचा, डोळे उघडे असलेला एक फोटो काही मला साधला नाही. लग्नात मिटलेले, लेकीच्या बाप्तिस्म्यात मिटलेले. आणि हा माणूस बस चालवायचा.

"बस चालवताना तरी उघडतोस ना रे?" मी विचारायचे.

"वळण आलं की उघडतो," तो म्हणायचा.

मग त्याच्या यकृताचं दुखणं निघालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, महिना काढला तरी खूप. मी ठरवलं, उघड्या डोळ्यांचा एक तरी फोटो काढून ठेवायचाच. नाहीतर मागे माझ्याकडे काय राहणार होतं?

त्या शनिवारी सकाळी चर्चचं अख्खं गायकमंडळ येऊन गेलं होतं. एवढ्या माणसांना उजेड पुरावा म्हणून मी रिंग फ्लॅश पुऱ्या जोरावर ठेवला होता. रिंग फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगाला घातलेली दिव्याची बांगडीच. तिच्या मागे जोर कमीजास्त करायचं चक्र असतं आणि शेजारी टेस्टचं बटण. चक्र खाली आणलं तरी आधी साठलेला जोर आतच राहतो. टेस्ट दाबून तो एकदा फुकट उडवावा लागतो. शिकायला येणाऱ्या प्रत्येकावर मी यावरून खेकसले आहे. "कमी केलंस ना? मग आधी टेस्ट दाब, गाढवा."

सेमीसी दाढी करून, धुतलेला लाव्हालाव्हा कमरेला लुंगीसारखा नेसून स्टुलावर बसला. अंगावर नुसती हाडं राहिली होती. चेहरा जवळून घ्यायचा म्हणून मी चक्र पार तळाला आणलं. हात टेस्टकडे जातच होता, तेवढ्यात तो म्हणाला, "बघ गं, वळण आलं."

आणि डोळे टक्क उघडून माझ्याकडे बघून हसला.

तीस वर्षांत पहिल्यांदा. माझं टेस्टचं भान सुटलं, बोट थेट कॅमेऱ्याच्या बटणावर पडलं. सगळा साठलेला उजेड त्याच्या तोंडावर गेला. त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले, बोटांमधून पाणी गळायला लागलं.

"आला का?" त्याने तसंच विचारलं.

मी कॅमेऱ्यात बघितलं. नुसतं पांढरं. ना नाक, ना तोंड, ना डोळे.

"आला," मी म्हणाले.

"डोळे?"

"उघडे आहेत. चांगला देखणा दिसतोयस, मेल्या." बोलले आणि जीभ चावली.

अजून एक काढू म्हटलं, पण त्याचे डोळे काही उघडेनात. "एक पुरे झाला," तो म्हणाला. नंतर भेटायला येईल त्याला तो अंथरुणातून सांगायचा, "या खेपेला जिंकलो मी. हिला विचारा." मी मान हलवायचे आणि कोको आणायच्या निमित्ताने आत जायचे.

अकराव्या दिवशी तो गेला.

शवपेटी घरात मधोमध ठेवली होती. त्याच्या थोरल्या बहीण फिलोमेना माझ्यापाशी आल्या. "तो उघड्या डोळ्यांचा आण गं, वर लावू. फार कौतुक होतं त्याला."

"तो आलाच नव्हता, वन्सं," मी म्हणाले. "मी त्याच्याशी खोटं बोलले."

त्यांनी स्वतःच जाऊन आमच्या लग्नातला मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर लावला. मग आम्ही दोघी खाली बसलो. वर फोटोत आणि खाली पेटीत तो अगदी सारखाच दिसत होता.