प्युरिटनांच्या दरबारात मिसेस ओंग

ही गोष्ट २०१४ सालची. त्या वर्षी सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या मराठी मंडळाने गणपतीत प्युरिटन लोकांवर नाटक बसवलं आणि विद्याकाकूंवर भर सभेत खटला चालला.

प्युरिटन म्हणजे कोण, हे मंडळात एकट्या शशिकांतरावांना ठाऊक होतं. ते जहाजावरचे चीफ इंजिनिअर, निवृत्त होऊन सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगला राहायचे. तरुणपणी त्यांचं जहाज बिघडून बॉस्टनच्या बंदरात अडकलं होतं. दुरुस्ती होईपर्यंत बाकीचे खलाशी गावभर हिंडले आणि हा गृहस्थ जाऊन वाचनालयात बसला. तेव्हा जुन्या अमेरिकेचं जे भूत मानगुटीवर बसलं, ते उतरायला तयार नव्हतं.

"ही माणसं मूळची इंग्लंडची," पहिल्या तालमीला ते सांगू लागले. "तिथलं चर्च त्यांना फार सैल वाटायचं. म्हणून समुद्र ओलांडून गेली आणि तिकडे इतकी कडक झाली, की मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी नाताळच बंद केला! सोळाशे एकोणसाठचा कायदा. नाताळ साजरा करताना सापडलात, तर पाच शिलिंग दंड."

"अहो, पण ख्रिश्चनच ना ते?" विद्याकाकूंनी विचारलं.

"म्हणून तर! बायबलात नाताळची तारीख कुठे दिलीय, म्हणायचे."

"हात्तिच्या! म्हणजे आपले उल्हासरावच की."

सगळे हसले. उल्हासराव सोडून. ते मंडळाचे अध्यक्ष. नाव उल्हास, पण चेहरा बारा महिने एकादशीचा. बँकेत लोक नियम पाळतात की नाही हे बघायची त्यांची नोकरी, आणि घरी आले तरी ती उतरत नसे. पुण्यात होते तोवर त्यांच्या गणपतीला दुकानातले मोदक चालत. सिंगापुरात आल्यावर मात्र त्यांनी मंडळाला नियम घालून दिला: नैवेद्याचे मोदक सभासदाच्याच घरचे आणि सभासदाच्याच हातचे. बाहेरचा हात लागला की बाद.

त्या वर्षी हाच नियम विद्याकाकूंना नडला.

यजमान गेल्यावर काकू रत्नागिरीचं घर बंद करून मुलाकडे, प्रतापकडे राहायला आल्या. या शहरात त्यांना ना रस्ते कळत, ना बोलणं. एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, कार्ड कुठे टेकवायचं हेसुद्धा सूनबाई सांगायची. फक्त एका गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा होता: उकडीचे मोदक. कागदासारखी पातळ पारी, मोजता येऊ नयेत अशा कळ्या. लिफ्टमध्ये अनोळखी मराठी माणूस भेटला तरी म्हणायचा, "त्या मोदकवाल्या विद्याकाकू तुम्हीच ना?" एवढ्या एका ओळखीवर काकूंचं वर्ष निघायचं.

आणि त्या वर्षी त्यांचे अंगठे गेले. संधिवात. कळी पाडायला घेतली की डोळ्यांत पाणी यायचं.

घरात कुणाला सांगावं, तर प्रताप म्हणणार, "आई, सोड ना, फ्रोझन आणू." ते ऐकण्यापेक्षा अंगठे दुखलेले परवडले.

समोरच्या दारात मिसेस ओंग राहायच्या. ही चिनी बाई उभा जन्म हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, करी पफ विकत आलेली. करंजीला मुरड घालावी तशी त्यांची बोटं कडेवरून सरसर पळायची. काकूंनी एकदा ती बोटं पाहिली आणि सुस्कारा सोडला. मग एके दिवशी धीर करून त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं, उकड दाखवली, खोबरं-गुळाचं सारण चाखवलं.

"आयो! सेम-सेम लाइक अवर कुए, लाह!" मिसेस ओंग हरखल्या. त्यांच्याकडेही तांदळाच्या पिठात खोबरं-गूळ भरून वाफवतातच की.

नैवेद्याच्या सकाळी काकूंनी त्यांना खुणेनं सांगितलं, आधी आंघोळ करून या. आपल्या अंगाला वास येतो की काय, असं वाटून मिसेस ओंग जरा हिरमुसल्या. पण गेल्या आणि पावडर लावून आल्या. उकड काकूंची, सारण काकूंचं, चुलीपाशी देखरेख काकूंची. कळ्या तेवढ्या मिसेस ओंगच्या.

दुपारी कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये मंडळाच्या गणपतीला नैवेद्य झाला. उल्हासरावांनी मोदक फोडून वर तुपाची धार सोडली आणि डोळे मिटले. "याला म्हणतात मराठी हात! बाहेरच्यांना सात जन्मांत जमायचं नाही." आणि पुन्हा पान पुढे केलं. काकू गप्प बसल्या. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

संध्याकाळी त्याच हॉलमध्ये नाटक. गणपतीपुढे प्युरिटनांचे ते चित्रातले काळे कपडे नकोत, असा अध्यक्षांचा हुकूम सुटला, तेव्हा शशिकांतराव उलट खूश झाले. "काळे रोज घालायचेच नाहीत ते! विटकरी, तपकिरी, हिरवे घालायचे." उशांच्या अभ्र्यांच्या पांढऱ्या कॉलरी झाल्या. काकू झाल्या नाताळाला चोरून केक भाजणारी विधवा. न्यायाधीश अर्थात उल्हासराव. त्यांना वेगळा अभिनय करायचाच नव्हता.

ऐन वेळी अध्यक्षांनी टेबलावरचा केक पाहिला.

"यात अंडं आहे?"

"केक आहे तो, उल्हासराव!" शशिकांतराव म्हणाले.

"गणपतीसमोर अंडं? उचला. त्याऐवजी काहीही ठेवा."

सूनबाई प्रणिताने उरलेल्या मोदकांचं ताट आणून ठेवलं आणि वर फडकं टाकलं.

पडदा उघडला. आरोपी उभी राहिली. न्यायाधीशांनी फडकं दूर केलं आणि गरजले, "बाई, कायदा मोडून हा पदार्थ कोणी केला?"

काकूंचं वाक्य होतं, "मीच, माझ्या या दोन हातांनी." त्यांनी तोंड उघडलं आणि नजर उजवीकडे गेली. तिथे गणपती बसलेला. मोठे कान, बारीक डोळे, सगळं ऐकतोय.

"आई," विंगेतून प्रणिता कुजबुजली, "माझ्या या दोन हातांनी!"

"नाही गं," काकू मोठ्यांदा म्हणाल्या. "माझ्या हातांनी नाही. मिसेस ओंगनी केलेत."

"सोळाशे एकोणसाठ साली मिसेस ओंग कुठून आली?" विंगेत शशिकांतरावांनी कपाळाला हात लावला.

"कोण मिसेस ओंग?" न्यायाधीश चक्रावले.

काकूंनी हौसेनं बोलावलेल्या मिसेस ओंग तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मराठी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण आपलं नाव बरोबर कळलं. त्या उठल्या आणि सगळ्यांना हात हलवला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"माझे अंगठे गेलेत, उल्हासराव," काकूंनी दोन्ही हात पुढे केले. "उकड माझी, सारण माझं. कळ्या त्यांच्या. आंघोळ करून आल्या होत्या हो. नियम मोडला, कबूल. पुढच्या वर्षी दुसरं कुणी शोधा."

हे नाटकातलं नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

उल्हासराव काकूंकडे बघत राहिले. मग ताटाकडे. मग मागून कुणी बाई म्हणाली, "दुपारी तीनदा मागून खाल्लेत न्यायमूर्तींनी!"

उल्हासराव कानापर्यंत लाल झाले. दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी नाटकातलं वाक्य म्हटलं, "दंड... पाच शिलिंग."

शेजारच्याने मिसेस ओंगना इंग्रजीत सांगितलं की तुम्हाला पाचाचा दंड झालाय. सिंगापूरचा माणूस दंड म्हटला की हुज्जत घालत नाही. त्या मुकाट्याने पर्स उघडून स्टेजवर आल्या, पाच डॉलरची नोट गणपतीपुढच्या तबकात ठेवली आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "ओके, लाह? फ्रेंड नो ट्रबल?"

उल्हासरावांचा एकादशीचा चेहरा हळूहळू सुटला. "आणि माल जप्त!" म्हणत त्यांनी ताटातला मोदक उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. नाटक तिथेच संपलं. शशिकांतरावांचा तिसरा अंक कोणी पाहिलाच नाही.

तो अंक ते शेवटपर्यंत लोकांना फोनवर वाचून दाखवत. नंतरच्या प्रतीत त्यांनी विधवेची शेजारीण म्हणून एक बाई घातली. तिचं नाव मात्र इंग्रजी ठेवलं. उल्हासरावांनी पुढच्या वर्षी नियम ठेवला, फक्त मिसेस ओंगना सभासद करून घेतलं. दोन वर्षांनी ते पुण्याला परतले, आणि तिथल्या मोदकांना सिंगापूरची सर नाही म्हणून अजून कुरकुरतात. मिसेस ओंगच्या मजल्यावर चतुर्थीला चिनी, मलय सगळी मुलं "विद्या कुए" मागायला येतात. प्रणिता मिसेस ओंगच्या हाताखाली कळ्या शिकली.

विद्याकाकू आता रत्नागिरीचं घर पुन्हा उघडून तिथेच असतात. दरवर्षी चतुर्थीच्या सकाळी व्हिडिओ कॉलवर टॅम्पिनीसच्या कळ्या तपासतात. स्वतःच्या गणपतीला मोदक शेजारच्या सुलेखाकडून येतात. कोणी विचारलंच, "घरचे का हो, काकू?" तर म्हणतात, "घरचेच. कुणाच्या घरचे, ते बाप्पालाही सांगितलंय."