दगडावर कोरायचा शब्द

आमच्या ह्यांना, म्हणजे राजाभाऊंना, शब्दाचं मूळ खणायची भारी हौस. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तर तिला ऊतच आलाय. त्यामुळे वरच्या मजल्यावरचा आमचा भाडेकरू देवेंद्र एका शब्दाबद्दल विचारायला आला, तेव्हा ह्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं.

देवेंद्रच्या मुलीला, श्रेयाला, शाळेत मुली ‘डाकू की पोती’, म्हणजे दरोडेखोराची नात, म्हणून चिडवत होत्या. देवेंद्र आईच्या पोटात असतानाच त्याचे वडील त्यांच्या एरच गावाजवळच्या बीहडात, बेतवाकाठच्या घळींमध्ये, पोलिसांच्या गोळीने गेले होते.

“बाबूजी, गाँव में तो सब उन्हें बागी कहते हैं. फर्क क्या है?”

“जमीन-आसमान का!” हे खुर्चीत ताठ बसले. “शब्द अरबी है, फारसी से होकर इधर आया. डाकू लूटता है. बागी अन्याय के खिलाफ उठता है.”

देवेंद्र रडलाच. गावात वडिलांच्या नावाचा दगड बसवायचं त्याने तिथेच ठरवलं. मजकूर अर्थात ह्यांनी लिहिला आणि पितृपक्षात आईला वाचून दाखवायला तो आम्हालाही एरचला घेऊन गेला.

अम्मा अंगणात गहू निवडत होत्या. ‘अन्याय के विरुद्ध बागी’ हे शब्द ऐकले आणि त्यांचे हात थांबले.

“जौ ना खुदवाओ, लला.”

“क्यों अम्मा?”

हे पुढे सरसावले. “अम्माजी, शब्द का मतलब ही...”

“मतलब हम जानत हैं. बागी वे हते जिनकी जमीन छिनी ती. तुमाए बाप ने तो हमाओ मायको लूटो तो. हमाए भइया ने किवाड़ नईं खोले, सो गोली मार दई.”

माहेर लुटलं आणि दार उघडलं नाही म्हणून भावालाच गोळी घातली! मी ह्यांची बाही ओढली. गरज नव्हती, हे आधीच दोन पावलं मागे सरकले होते. मला ह्यांचा राग आला आणि कीवही आली. या बाईने सगळा जन्म ओठ शिवून पोराला मान वर करून सांगता येईल असा बाप दिला होता. आम्ही शहाणे तोच दगडावर कोरायला निघालो होतो.

देवेंद्र अम्मांजवळ जाऊन बसला.

“अम्मा, मेरे मामा भी थे?”

“हते.” अम्मांनी पदर डोळ्यांना लावला. “तुमाई सूरत उनई पे गई है, लला.”