आता दुखत नाही

फरशी बसवणाऱ्या त्या कामगाराला परक्या मुलखात येऊन सहा वर्षं झाली होती. तिथली भाषा त्याला कामापुरती येई: आण, उचल, सरळ, वाकडं, लवकर. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या त्याच्या बायकोला तेवढीही येत नव्हती. "तुम्ही आहात की माझे पोपट," ती म्हणायची.

शनिवारी तिच्या बेंबीभोवती मुरडा उठला. रविवारी कळ उजवीकडे खाली उतरली आणि तिला ताठ उभं राहता येईना. पण दवाखान्याचं कार्ड नसलेल्यांना सोमवारी सकाळीच घेत, आणि कार्डाचे कागद मुकादमाने दोन वर्षं 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत लटकवले होते.

सोमवारी दोघं रांगेत बसले. तिने त्याचा हात घट्ट आवळला होता. अचानक तिची पकड सैल पडली.

"अहो, थांबलं."

"काय?"

"कळ. एकदम आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं बघा. पण हुडहुडी भरलीय."

"डॉक्टरचं दार बघूनच पळालं दुखणं!" तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर तरुण होता, वागायला बरा होता. त्याने दुभाषी मागितला. दुभाषी गुरुवारी येतो आणि फोनवरचा फक्त कार्डवाल्यांना मिळतो, असं नोंदणीच्या खिडकीवरून कळलं. मग नवराच बोलला. शब्द जुळवून, अगदी बिनचूक: "तीन दिवस दुखत होतं. आता दुखत नाही."

आतून सुटल्यासारखं, हे कसं सांगावं ते त्याला सुचेना. हुडहुडीसाठी त्याने दंड चोळून दाखवले. डॉक्टरने उठून खिडकी लावली. पोट दाबलं तेव्हा ती परक्या पुरुषासमोर दात आवळून गप्प पडून राहिली. गॅसच्या गोळ्या घेऊन दोघं घरी आले.

मंगळवारी तिचं पोट लाकडासारखं कडक झालं, ती बरळायला लागली. त्याने तिला उचलून मोठ्या इस्पितळात नेलं. तातडीने ऑपरेशन ठरलं. पुढे आले तितक्या कागदांवर त्याने न वाचता सह्या केल्या.

गुरुवारी दुभाषी बाई आल्या. चांगलं मराठी बोलणाऱ्या.

"अपेंडिक्स फुटलं होतं," त्या म्हणाल्या. "कळ एकदम थांबली ना, तेव्हाच फुटलं असणार. इथले डॉक्टर विचारतायत, हे कुणाला सांगितलं होतं का?"

"सांगितलं की. मीच सांगितलं, आता दुखत नाही म्हणून."

हे वाक्य बाईंनी डॉक्टरला सांगितलंच नाही.

"ती वाचेल ना हो, ताई?"

"पू पोटभर पसरलाय. आठवडाभर काही सांगता येत नाही म्हणतात." त्यांना दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं आलं.

शुक्रवारी दुपारी तिने डोळे उघडले. नाकात नळी, पोटात नळी. ओठांना कोरड पडली होती. "पाणी," ती पुटपुटली.

पलंगाच्या डोक्याशी लाल अक्षरांत एक पाटी टांगलेली होती. त्याला ती वाचता येईना. त्याने पेला भरला आणि दाराशी जाऊन नर्सला दाखवला. ती धावतपळत चालली होती. काहीतरी भरभर बोलली. त्याने सवयीने मान डोलावली. ती निघून गेली.

तो परत पलंगाशी आला. पाणी द्यायचं की नाही, त्याला कळलं नव्हतं. बायको पेल्याकडे बघत होती.

"थांब हं," तो म्हणाला, "विचारतोय मी." आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.