सोमवारचा पिवळा दिवा

आमच्या ट्रकचं वय सतरा. त्यातली अकरा वर्षं तो बाबांनी चालवला आणि सहा वर्षं मी चालवतेय. एवढ्या काळात त्याने कधी कुरकुर केली नाही. आणि आता दोन महिने झाले, दर सोमवारी पॅनेलवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. दिवा लागला की इंजिनाचा जोर निम्मा. चढावर मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवून बाजू मागावी, हा अपमान मी दोनदा गिळलाय.

आमच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण स्कॅनर तो गळ्यात अडकवूनच फिरतो. तो स्कॅनर ट्रकला जोडायचा, पडद्यावर एक आकडा यायचा, दर वेळी तोच. "सेन्सर गेलाय, ताई." सेन्सर बदलला. गुरुवारी दिवा गेला, सोमवारी पुन्हा हजर. मग वायर बदलली. गुरुवारी गेला, सोमवारी हजर. त्यानंतर त्याने बॅटरीवर खापर फोडलं, मग डिझेलवर आणि शेवटी माझ्या क्लचवरच्या पायावर. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्यात खूश एकच माणूस होता, आमचे बाबा. डोळ्यांमुळे त्यांचं चालवणं सुटलं, तेव्हापासून त्यांना एकच काम उरलं होतं. दर रविवारी पाइप लावून, साबणाचा फेस करून ट्रक धुवायचा, इंजिनासकट. पण दिवा लागायला लागला आणि त्यांना सोमवारचंही काम मिळालं. सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी उभे.

"यंत्राला काय कळतंय? कान लागतो, कान. मी बसतो बाजूला."

तीन दिवस ते माझ्या बाजूला बसत, डोळे मिटून इंजिन ऐकत आणि मधूनच "गिअर उशिरा टाकलास" म्हणत. गुरुवारी दिवा गेला की मी त्यांना घरी ठेवून एकटी निघायची. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटायचं मला.

नवव्या सोमवारी डॉक्टरने स्कॅनर बाजूला ठेवला आणि गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेल्या आमच्या ट्रकच्या तारखांकडे बघत बसला. मग उठून त्याने सेन्सरचा प्लग उपटला आणि तळहातावर झटकला. पाण्याचे चार थेंब पडले. त्याने वास घेतला.

"साबण," तो म्हणाला. "आत पाणी जातं. तीन दिवसांत वाळतं. आणि मी समजतोय माझ्या हाताला गुण आहे!"

मी बाबांकडे बघितलं. ते मागच्या टायरपाशी वाकून हवा बघण्यात गढून गेले होते.

"पण यावर रबराची टोपी असते," डॉक्टर डोकं खाजवत म्हणाला. "घट्ट असते. धुतल्याने निघत नाही. हाताने काढली तरच निघते. गेली कुठे?"

नवी टोपी मागवायला आठवडा लागणार होता. घरी आल्यावर मी किल्ली शोधत होते आणि चुकून बाबांच्या चष्म्याचं घर उघडलं. आत चष्मा नव्हता. काळी, बोटाएवढी रबराची टोपी होती.

माझं डोकंच फिरलं. दोन महिने! सायकलवाल्याची घंटी! तरातरा बाहेर गेले तर बाबा पायरीवर बसून बाटली धुवत होते, उद्याची तयारी. तोंडापर्यंत आलेलं सगळं मी गिळलं. आत जाऊन टोपी परत चष्म्याच्या घरात ठेवली.

संध्याकाळी जेवताना माझ्या नवऱ्याने मात्र ताट बाजूला सारलं. "बास झालं. घाटात अडकलीस तर? गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी. येत्या सोमवारी दिवा लागला तर ट्रक विकायचा."

मी बाबांकडे पाहिलं नाही. पण त्यांचा घास हातातच राहिला, एवढं दिसलं.

"विकायचा म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"विकायचा म्हणजे विकायचा, बाबा. तुमच्या मुलीची काळजी नको का?"

रविवारी बाबांनी पाइप लावलाच नाही. बादली आणि फडकं घेऊन दुपारभर ट्रक पुसत बसले. इंजिनाचं झाकण एकदाच उघडलं आणि लगेच बंद केलं. नंतर मी चष्म्याचं घर उघडून पाहिलं. आत चष्मा होता.

सोमवारी मी किल्ली फिरवली. पॅनेल स्वच्छ. नवऱ्याने खिडकीतून बघितलं, "सुटलो बुवा" म्हणाला आणि फोन काढून गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगितलं. फाटकाशी कोणी उभं नव्हतं. बाबा बनियनवर पायरीवर बसले होते. बाटली शेजारी नव्हती. त्यांनी मला हात केला, नीट जा म्हणून, आणि दुसरीकडे बघायला लागले.

ट्रक फाटकाबाहेर काढला आणि मला पुढे जाववेना. ब्रेक मारून मी ओरडले, "बाबा! कसला तरी आवाज येतोय."

ते ताडकन उठले. "कुठून?"

"तेच तर कळत नाही. यंत्राला काय कळतंय?"

"थांब, शर्ट घालतो."

एक बटण चुकीचं लावून ते चढले, बाटली मांडीत धरली, डोळे मिटले. चौक गेला, पूल गेला, चढ लागला.

"काही आवाज नाहीये, पोरी," ते हळूच म्हणाले.

"नीट ऐका," मी म्हटलं. "वेळ लागेल."