नखाची टकटक

"बाजूला कोणी आहे का? बोलू नकोस. असेल तर फोनवर नखानं दोनदा वाजव."

पलीकडून टक टक आली.

"बरं. मग मी संध्याकाळी करते फोन. तेव्हा जिन्यात जाऊन बस. आणि हे बघ, माझी लेक तुझ्याएवढीच आहे. तिचंही कॉलेज घरातच चाललंय. पण सकाळी उठून, अंघोळ करून, वेणी घालून बसते टेबलाशी. शिस्त लागली की मन ताळ्यावर येतं, काय?"

विद्यापीठाच्या समुपदेशक बाईंनी फोन ठेवला. साथीने दारं बंद केल्यापासून त्यांचं ऑफिस म्हणजे गॅसशेजारचं स्टूल. पोरं आपापल्या घरी अडकलेली, आणि घरं तरी केवढी! एकाने शिंकावं, चौघांनी दचकावं. कोणाची झोप उडालेली, कोणाला परीक्षेच्या नावाने घाम फुटायचा, कोणाला जगणंच नको झालेलं. पण फोनवर सगळ्यांचं एकच पालुपद, "ठीक आहे मॅडम." कारण आईबाप शेजारी कान टवकारून बसलेले. म्हणून ही टकटक बाईंनीच काढली, हाताखालच्या नव्या मॅडमनाही शिकवली. वरून शाबासकी मिळाली आणि ती बाईंना थोडी चढलीसुद्धा. का चढू नये? पोरं बोलती झाली होती.

आता स्वयंपाकघर आणि लेकीची खोली यांच्यामध्ये होती नुसती प्लायवूडची फळी. 'माझी लेक बघ' हे वाक्य तिच्या कानावर रोज आदळत असेल, हे काही बाईंच्या डोक्यात आलं नाही. गावभरच्या भिंतींना कान असतात हे सांगणारी बाई, आपल्या घरची भिंत तेवढी विसरली!

लेकीला त्या कौतुकाने खमकी म्हणत. खमकी हल्ली अर्धं ताट तसंच ठेवायची.

"उकाड्यानं भूक मरते," असं बाईंनीच ठरवून टाकलं होतं.

दुपारी दोघी जेवायला बसल्या आणि खमकीचा फोन वाजला.

"कोण गं?"

"मैत्रीण."

फोन कानाला लावून ती खिडकीशी गेली. "हो... ठीक आहे... हो, जेवतेय." आणि मग तिच्या नखाने फोनच्या पाठीवर दोनदा वाजवलं. टक टक.

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. पोरीला कोणाची एवढी धास्ती? त्यांनी झटकन मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. घरात होतं कोण? त्या एकट्याच.

फोन हिसकावून घ्यावा, विचारावं, 'तुला काय कमी केलं गं मी?' शब्द अगदी ओठावर आले होते. पण हेच वाक्य किती आयांच्या तोंडून ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला होता! बाईंनी घास गिळला, वाक्यही गिळलं.

"दूध घेऊन येते गं," त्या म्हणाल्या. "खाली रांग असेल. वेळ लागेल मला."

दार त्यांनी मुद्दाम जोरात ओढलं, आत ऐकू जावं म्हणून. आणि लोकांच्या पोरांना जिथे बसायला सांगत, त्या जिन्यातच बसल्या.

वरच्या मजल्यावरचे काका उतरत होते. "काय हो मॅडम, पिशवी नाही, मास्क नाही, इथं कशा बसलात?"

"मुलगी बोलतेय आत."

"मग?"

"मी घरात असले की तिला बोलता येत नाही."

काका खाली मान घालून निघून गेले. एवढ्यात बंद दाराआडून हुंदका आला, मग दुसरा, मग मोकळं रडणं. बाई उठल्या. दाराकडे एक पाऊल टाकलं, तिथेच थांबल्या, आणि आणखी एक मजला खाली जाऊन बसल्या.